जुना कायदा काढावा की ठेवावा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

कालबाह्य कायदे, नियम आणि शासकीय परिपत्रके यांचे काय करावे, या विषयावर वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रे मोठी असल्यामुळे प्रश्नाचा गाभा तेवढाच छापला आहे आणि एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : केंद्र सरकारने गेल्या काही वर्षांत दीड हजारांहून अधिक जुने कायदे रद्द केल्याचे वाचले. मात्र तहसील कार्यालयात किंवा नातवाच्या महाविद्यालयात जाताना मला त्याचा काहीही फरक जाणवलेला नाही. असे का? — एक निवृत्त शिक्षक, कराड

उत्तर : आपण वाचलेला आकडा बरोबर आहे. १९९८ साली पी. सी. जैन आयोगाने १,३०० हून अधिक केंद्रीय अधिनियम रद्द करण्याची शिफारस केली होती, पण तिच्यावरील बरेचसे काम पुढे रेंगाळले. २०१४ मध्ये रामानुजम समितीने २,७८१ केंद्रीय अधिनियमांपैकी १,७४१ अधिनियम निरसनयोग्य (म्हणजे रद्द करण्याजोगे) ठरवले, विधी आयोगानेही २४८ व्या अहवालापासून याच विषयाचा पाठपुरावा केला आणि २०१५ ते २०२३ या काळात संसदेने एकूण १,५६२ अधिनियम निरसित केले.

आता या संख्येच्या आत काय आहे ते पाहावे. २०१६ च्या एकाच अधिनियमाने ७५८ विनियोजन अधिनियम रद्द झाले. विनियोजन अधिनियम म्हणजे एखाद्या आर्थिक वर्षात संचित निधीतून किती रक्कम काढावयाची याची विधिमंडळाने दिलेली परवानगी. ते वर्ष संपले आणि हिशेब पूर्ण झाला की त्याचे कामही संपते. उरलेल्यांपैकी फार मोठा भाग सुधारणा अधिनियमांचा होता. सुधारणा मूळ कायद्यात मिसळून गेल्यावर सुधारणा अधिनियमाचे नुसते टरफल उरते, आणि ते काढून टाकले तरी मूळ कायद्यातील बदल कायम राहतो, अशी तरतूद सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ याच्या कलम ६-अ मध्ये आहे. ही साफसफाई आवश्यक होती. परंतु तिने कोणाच्याही डोक्यावरचा भार हलका होणार नव्हता, कारण त्या कायद्यांचा भार कोणावर नव्हताच.

नागरिकाला जाच होतो तो अधिनियमाच्या खालच्या थरांत. अधिनियमाखाली नियम, नियमांखाली अधिसूचना, त्यांच्याखाली शासन निर्णय आणि परिपत्रके, आणि सर्वांत खाली कार्यालयाने स्वतःच कधीतरी छापून घेतलेला अर्जाचा नमुना. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्येच शासन निर्णय काढला की, कायद्यानेच प्रतिज्ञापत्र किंवा साक्षांकन बंधनकारक केलेले नसेल तेथे स्वयंघोषणापत्र आणि स्वसाक्षांकित प्रती स्वीकाराव्यात. तरीही अनेक ठिकाणी अर्जाच्या तळाशी ‘राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेल्या प्रती जोडाव्यात’ ही ओळ तशीच छापून येते, आणि खिडकीवरचा कर्मचारी शासन निर्णय न पाहता ती ओळ पाहतो. त्याचा दोष थोडा आहे, कारण त्याच्या हातात तो नमुनाच दिलेला असतो. म्हणून माझे मत असे की, किती कायदे गेले या संख्येवरून सुधारणेचे माप काढू नये. किती अर्जांचे नमुने बदलले, किती दाखले मागणे थांबले, यावरून काढावे.

प्रश्न : जो कायदा पन्नास वर्षांत कोणी वापरलेला नाही, तो आपोआप मृत झाला असे न्यायालये मानत नाहीत का? मग त्याच्या निरसनासाठी विधिमंडळाचा वेळ कशाला घालवायचा? — एक विधी शाखेची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : या प्रश्नावरचा एक महत्त्वाचा निकाल आपल्याच शहरासंबंधीचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ याच्या कलम ५१ चा आधार घेऊन २७ ऑगस्ट १९८१ पासून औरंगाबाद येथे न्यायालयाची बैठक सुरू केली, तेव्हा त्या आदेशाला आव्हान देणाऱ्यांचे म्हणणे असे होते की, ते कलम पुनर्रचनेच्या संक्रमणकाळापुरतेच होते आणि पंचवीस वर्षांनंतर त्यात जीव उरलेला नाही. महाराष्ट्र राज्य विरुद्ध नारायण शामराव पुराणिक या १९८२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. कायदा स्पष्ट निरसनाने किंवा गर्भित निरसनाने (म्हणजे नंतरच्या कायद्याशी विसंगत ठरून) संपतो. केवळ काळ लोटला म्हणून किंवा वापर थांबला म्हणून तो संपत नाही, असे न्यायालयाने सांगितले. मराठवाड्यातील पक्षकारांना मुंबईची वारी चुकवणारे खंडपीठ उभे राहिले ते अशा, अनेकांनी निर्जीव मानलेल्या कलमावर.

पुढे १९९५ मध्ये पुणे महानगरपालिका विरुद्ध भारत फोर्ज या जकातीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने थोडी वेगळी वाट धरली. कायदा दीर्घकाळ वापरात नसेल आणि त्याच काळात त्याच्या विरुद्ध प्रथा रूढ झालेली असेल, तर तो अव्यवहारामुळे लोप पावला असे मानता येईल, असे तत्त्व त्या निकालाने स्वीकारले. पण यातील दोन्ही अटी सिद्ध कराव्या लागतात. नुसता अव्यवहार पुरत नाही. सामान्य माणसाला त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि तोवर तो कायद्याच्या दृष्टीने अपराधी असू शकतो.

निरसनासाठी विधिमंडळाचा वेळ घालवावा तो याचसाठी. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ (आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) याच्याखाली मद्य बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना लागतो, ही तरतूद आजही पुस्तकात आहे. राज्यात परवानाप्राप्त दुकाने राजरोस चालतात, ग्राहकांपैकी बहुतेकांकडे परवाना नसतो आणि सहसा कोणी विचारतही नाही. मात्र ज्या दिवशी विचारायचे असे कोणी ठरवील, त्या दिवशी ते कोणाला विचारले जाईल हे कायदा ठरवत नाही, विचारणारा ठरवतो. सर्वांनी मोडलेला आणि निवडक लोकांवर वापरता येणारा नियम हा मला कठोर नियमापेक्षाही वाईट वाटतो. त्याची अंमलबजावणी करावयाची नसेल तर तो काढावा, आणि करावयाची असेल तर सर्वांवर सारखी करावी.

प्रश्न : (१) चाकणजवळ वडिलांनी विकत घेतलेली सहा गुंठे जागा आजही सातबाऱ्यावर आमच्या नावे लागलेली नाही, कारण तुकडेबंदी. १९४७ चा कायदा सरळ रद्द का करत नाहीत? — खेड तालुक्यातील एक वाचक. (२) तुकडेबंदी उठली तर आमच्या भागात शेतीच उरणार नाही. शासनाने असा विचारही करू नये. — तासगाव तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार

उत्तर : ही दोन पत्रे मुद्दाम शेजारी छापली आहेत, कारण दोन्ही लेखकांचे म्हणणे आपापल्या गावापुरते खरे आहे, आणि एकच कायदा दोघांनाही लागू आहे.

आधी हा कायदा कशासाठी आला ते पाहू. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली. १७७१ साली त्या गावात सरासरी धारण, म्हणजे एका खातेदाराकडची जमीन, ४० एकरांची होती; १९१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली होती. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे ती एकत्र नव्हती. दीडशेच्या आसपास खातेदारांच्या जमिनीचे सातशेहून अधिक तुकडे झाले होते आणि त्यांतील निम्म्याहून जास्त तुकडे एकरापेक्षा लहान होते. वाटणी करताना प्रत्येक भावाला काळ्या रानातही हिस्सा हवा, मुरमाडातही हवा आणि विहिरीजवळच्या पट्टीतही हवा, त्यामुळे प्रत्येक शेताच्या उभ्या चिरफळ्या होत. अशा पट्टीत विहीर पाडणे परवडत नाही, बांधात जमीन जाते आणि बैलांचा निम्मा दिवस एका पट्टीतून दुसरीत जाण्यात मोडतो. या दुखण्यावर कायदा हाच उपाय आहे काय, याविषयी तेव्हाही एकमत नव्हते. लहान धारणांचे मूळ शेतीवर अवलंबून असलेल्या अतिरिक्त लोकसंख्येत आहे आणि उद्योग वाढल्याशिवाय ते हटणार नाही, असे डॉ. आंबेडकरांनी १९१८ मध्येच मांडले होते, आणि १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात यासंबंधीचे विधेयक आले तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला होता. अखेर १९४७ मध्ये धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध आणि त्यांचे एकत्रीकरण या दोन्ही गोष्टी एकाच अधिनियमात आल्या. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा (शासनाने ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा) लहान तुकडा लगतच्या खातेदाराखेरीज इतरांस विकता येत नाही आणि वाटणी करून असा तुकडा पाडता येत नाही, हा त्याचा सर्वांना ठाऊक असलेला भाग.

आता त्याच पिंपळे सौदागरात आज उभे राहिले तर चहूकडे बहुमजली इमारती दिसतात. ते गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आहे. जेथे बैल नाही, नांगर नाही आणि पीक नाही, तेथे बागायतीचे प्रमाणभूत क्षेत्र १० गुंठे असावे की २० गुंठे, हा प्रश्नच उरत नाही. ज्या गावाच्या पाहणीने या कायद्याची गरज दाखवून दिली, त्याच गावात त्याचे प्रयोजन संपले आहे. खेडच्या वाचकांचे गाऱ्हाणे म्हणून मला पूर्णपणे रास्त वाटते. त्यांच्या वडिलांनी घर बांधण्यासाठी जागा घेतली, पैसे मोजले, आणि खरेदीखत होऊ शकत नसल्यामुळे साध्या नोटरीच्या कागदावर भागवले. अशी माणसे हजारोंनी आहेत, आणि त्यांच्या घरांना कर्ज मिळत नाही, फेरफार होत नाही व वारसनोंदीच्या वेळी नवी भांडणे उभी राहतात.

पण तासगावचे पत्रही बाजूला सारता येत नाही. तेथे जमीन आजही पिकते, ठिबकाची नळी आणि फवारणीचा ट्रॅक्टर फिरेल एवढा सलग तुकडा आजही लागतो, आणि रस्त्याकडेची दोन-दोन गुंठ्यांची विक्री सुरू झाली की मागच्या शेताची वाट पहिल्यांदा बंद होते. प्रयोजन तेथे जिवंत आहे.

शिवाय हा कायदा त्याच्या कर्त्यांच्या मनात नसलेले एक काम आज करीत आहे. महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत भूखंडाचे आकारमान, रस्त्याची रुंदी व मोकळी जागा यांवर विकास आराखडा आणि विकास नियंत्रण नियमावली लक्ष ठेवते. हद्दीबाहेरच्या गावांत मात्र ही नजर फार पातळ आहे. तेथे दहा फुटांची चिंचोळी पट्टी ‘रस्ता’ म्हणून दाखवून, गटार किंवा पाण्याची सोय नसताना भूखंड विकणाऱ्याला अडवणारा एकच खांब पुष्कळदा तुकडेबंदीचाच असतो. तो खांब चुकीच्या जागी आहे हे मान्य. पण त्याच्यावर छप्पर टेकलेले आहे. अग्निशामक बंब वळेल एवढा रस्ता सोडण्याची सक्ती आधी दुसऱ्या नियमात आणावी लागेल, मग हा काढता येईल.

आणखी एक बाब चर्चेत जवळजवळ कधीच येत नाही. गावोगावी जे गट क्रमांक आपण वापरतो ते याच अधिनियमाखालील एकत्रीकरण योजनेतून आले आहेत. त्या योजनेत क्षेत्र कमी-जास्त लागले, नकाशा आणि ताबा जुळले नाहीत, अशा चुका दुरुस्त करण्याचा अधिकार कलम ३२ मध्ये आहे आणि त्याखालील वाद आजही चालू आहेत. संपूर्ण अधिनियम एका ओळीने रद्द केला तर ज्या शेतकऱ्याची वीस गुंठे जमीन चुकून शेजाऱ्याच्या गटात गेली आहे, त्याने दाद कोणत्या कलमाखाली मागायची?

शासनाने आजवर हा प्रश्न तुकड्यातुकड्यांनीच हाताळला आहे. २०१७ च्या सुधारणेने जुने व्यवहार बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरून नियमित करण्याची वाट दिली. ही रक्कम बहुतेकांना झेपली नाही आणि पुढे ती ५ टक्क्यांवर आणली गेली. २०२३ मध्ये राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीस २० आणि बागायतीस १० गुंठे ठरवण्यात आले. विहीर, शेतरस्ता आणि घरकुल यांसाठी सवलत आली. २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी विधिमंडळात निवासी क्षेत्रांपुरता हा निर्बंध उठवण्याची घोषणा केली. दिशा मला योग्य वाटते. माझे स्पष्ट मत असे की, नागरी आणि निवासी क्षेत्रांतून प्रतिबंध पूर्णपणे जावा आणि जुन्या खरेदीदारांकडून त्यासाठी काहीही रक्कम घेऊ नये. शेती क्षेत्रात कुटुंबातील वाटणीला मोकळीक देऊन भूखंड पाडून विकण्यावरचा निर्बंध राहावा. आणि एकत्रीकरणाचे प्रकरण प्रलंबित चुका निकाली निघेपर्यंत हलवू नये. खेडच्या वाचकांना एक व्यावहारिक सूचना : घोषणेच्या बातमीवर विसंबून कोणालाही पैसे देऊ नयेत. आपले गाव कोणत्या क्षेत्रात मोडते याचा झोन दाखला घ्यावा, राजपत्रातील प्रत्यक्ष मजकूर वाचावा, आणि मगच दुय्यम निबंधकाकडे जावे.

प्रश्न : प्रत्येक कायद्याला मुदत घालून दिली, म्हणजे दहा वर्षांनी तो आपोआप संपेल, असे केले तर जुन्या कायद्यांचा प्रश्नच मिटणार नाही का? — गिरगावातील एक जुने घरमालक

उत्तर : आपल्यालाच ज्याचा त्रास झाला तो मुंबई भाडे नियंत्रण अधिनियम, १९४७ हा मुदतीचाच कायदा होता. युद्धानंतरची घरटंचाई ओसरेपर्यंत म्हणून तो आला. मुदत संपत आली की ती वाढवली जाई, आणि असे पन्नास वर्षे चालले. प्रमाणभूत भाडे मात्र १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठलेले राहिले. मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये सांगितले की, या तरतुदी आरंभी वैध असल्या तरी काळाच्या ओघात त्या अवाजवी झाल्या आहेत. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपत होती आणि नवा कायदा करण्याचे काम चालू होते, म्हणून न्यायालयाने त्या तरतुदी तेव्हाच रद्द केल्या नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि दरवर्षी ४ टक्के भाडेवाढीची तरतूद झाली.

मुदतीने हा कायदा सुधारला नाही, कारण मुदतवाढ देताना विधिमंडळासमोर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढाच पर्याय राही. ‘नाही’ म्हटले तर लालबाग, परळ, गिरगावच्या चाळींतील लक्षावधी कुटुंबे एका रात्रीत उघडी पडली असती. म्हणून दरवेळी ‘हो’. घरमालकाला मिळणाऱ्या भाड्यात जिन्याची दुरुस्ती होत नव्हती हे खरे, आणि भाडेकरूला दुसरे घर परवडत नव्हते हेही तितकेच खरे. मुदतीचे कलम हवे असेल तर त्याच्यासोबत आढाव्याची सक्ती हवी, म्हणजे मुदतवाढ मागणाऱ्या विभागाने भाडी किती, इमारतींची स्थिती काय, कोणाला संरक्षणाची गरज उरली आहे, हे आकडे सभागृहात मांडल्याशिवाय मुदत वाढू नये. तो आढावा झाला असता तर १९४० चे भाडे १९९० च्या दशकात उरले नसते, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : कोविडच्या काळात आमच्यावर १८९७ चा कायदा लावला गेला. इंग्रजांनी प्लेगमध्ये केलेला जुलमी कायदा आपण स्वतंत्र भारतात का ठेवला? — एक परिचारिका, नाशिक

उत्तर : आपला संताप समजू शकतो. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकटला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम घाईने संमत झाला. त्याच वर्षी पुण्यात घरझडतीच्या नावाखाली जे झाले आणि जूनमध्ये रँडच्या वधापर्यंत ते कसे गेले, हे मराठी वाचकांना सांगायला नको. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा होता. सरकारला हवे ते नियम करता येतील, ते मोडणाऱ्यास शिक्षा होईल, आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही, एवढाच त्याचा आशय.

तरीही मार्च २०२० मध्ये राज्य शासनाने कोविडसंबंधीचे नियम याच अधिनियमाखाली केले, कारण साथीच्या वेळी तातडीने नियम करण्याचा थेट अधिकार तो राज्याला देत होता. तो आधीच रद्द झाला असता तर पहिल्याच आठवड्यात दुसरा आधार शोधण्यासाठी धावपळ करावी लागली असती. आणि आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे, आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा देणारी तरतूद एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने आणि नंतर सप्टेंबरच्या सुधारणेने आली, ती याच कायद्यात. म्हणून मी त्याच्या निरसनाच्या बाजूचा नाही. त्याच्या जागी पुरा कायदा आणण्याच्या बाजूचा आहे. या कायद्यात शासनाचे अधिकार आहेत, कर्तव्ये नाहीत. विलगीकरण किती दिवस, रुग्णाची माहिती कोण जाहीर करू शकतो, घरी अडकलेल्या मजुराला धान्य कोणी पोहोचवायचे, परिचारिकेला संरक्षक पोशाख न देता पाळीवर पाठवता येते का, याबद्दल तो गप्प आहे. विधी आयोगाने २०२४ च्या २८६ व्या अहवालात त्याचा सर्वंकष फेरविचार करण्यास सांगितले आहे. पुढची साथ येण्यापूर्वी, शांत डोक्याने, हे काम व्हायला हवे.

प्रश्न : नागरी जमीन कमाल धारणा कायदा रद्द होऊन बरीच वर्षे झाली, तरी आमच्या संस्थेच्या पुनर्विकासात त्याचाच अडथळा दाखवला जातो. रद्द झालेला कायदा कसा काय आडवा येतो? — सचिव, एक सहकारी गृहनिर्माण संस्था, पुणे

उत्तर : शहरात एकाने किती मोकळी जमीन बाळगावी यावर मर्यादा घालणारा १९७६ चा तो अधिनियम केंद्राने १९९९ मध्ये निरसित केला आणि महाराष्ट्राने ते निरसन २९ नोव्हेंबर २००७ पासून स्वीकारले. पण निरसन म्हणजे पाटी पुसणे नव्हे. निरसन अधिनियमातच व्यावृत्तीचे (काही जुन्या गोष्टी राखून ठेवणारे) कलम होते आणि त्यात कलम २० खाली या मर्यादेतून दिलेल्या सुटीच्या आदेशांची वैधता राखून ठेवली होती. त्या सुटीबरोबर घातलेल्या अटीही टिकल्या का, यावर मोठा वाद झाला आणि २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने अटी टिकतात असा निर्णय दिला. आपल्या जमिनीवर असा आदेश आहे का, हे सातबारा किंवा मिळकतपत्रिकेवरील शेऱ्यातून आणि मूळ आदेशाची नक्कल काढून पाहावे लागेल. आदेशच नसेल तर अडथळाही नाही, आणि तसे लेखी उत्तर मागण्याचा आपल्याला अधिकार आहे.

हेच वतनी, म्हणजे गावच्या सेवेच्या मोबदल्यात वंशपरंपरेने चालत आलेल्या, जमिनींचे. महार वतनाच्या जाचाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. वतने प्रत्यक्षात गेली ती १९५८ च्या अधिनियमाने. वतन गेले, सेवेची सक्ती गेली, पण जमीन परत देताना ती ‘नवीन व अविभाज्य शर्ती’वर, म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय विकता किंवा वाटता न येण्याच्या अटीवर, दिली गेली आणि तो शेरा आजही हजारो सातबाऱ्यांवर आहे. त्या शर्तीमागे गरजू कुटुंबाची जमीन कोणी कवडीमोलाने लाटू नये हा हेतू होता, आणि तो आजही खरा आहे. म्हणून जुना शेरा दिसला की ‘इंग्रजांच्या काळची घाण’ म्हणून तो काढून टाकण्याची मागणी करणाऱ्यांना माझी विनंती आहे की, तो कोणाच्या जमिनीवर आहे ते आधी पाहावे.

प्रश्न : गोव्यात अजून पोर्तुगीज नागरी संहिता चालते. परकी सत्तेचा कायदा काढून का टाकू नये? — म्हापसा येथील एक वाचक

उत्तर : १८६७ ची ती संहिता खुद्द पोर्तुगालने १९६० च्या दशकात बदलली, गोव्यात मात्र मुक्तीनंतर १९६२ च्या संसदीय अधिनियमाने जुने कायदे चालू ठेवले, म्हणून ती राहिली. तिच्यामुळे मुलगी आणि मुलगा यांना वारसाहक्कात समान वाटा मिळतो, आणि मुले असताना आईवडिलांना निम्म्याहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. हे हक्क आपल्याच भगिनींचे आहेत. कायदा कोणी केला यावरून तो काढू नये. गोव्याने केले ते मला शहाणपणाचे वाटते : वारसा, विशेष नोटरी आणि मालमत्तेची यादी यांसंबंधीचा भाग गोवा विधानसभेने २०१२ च्या अधिनियमात नव्याने लिहिला आणि तो डिसेंबर २०१६ पासून लागू झाला. आशय बराचसा राहिला, भाषा आणि पद्धत आपली झाली.

प्रश्न : आमच्या कामातला एखादा निरुपयोगी नियम काढायचा असेल तर सामान्य नागरिकाने नेमके काय करावे? — लातूर, सावंतवाडी आणि कल्याण येथील वाचक

उत्तर : प्रथम तो नियम कोठे लिहिलेला आहे ते शोधावे, कारण पुष्कळदा तो कोठेच लिहिलेला नसतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले कर्मचारी वापरत असलेले नियम, विनियम, सूचना व नियमपुस्तिका यांची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे. ती दिसत नसेल तर अर्ज करून ‘अमुक दाखला कोणत्या नियमाच्या किंवा शासन निर्णयाच्या आधारे मागितला जातो, त्याची प्रत द्यावी’ एवढेच विचारावे. आधार नसल्याचे उत्तर आले तर निवेदन तालुका पातळीवरच पुरते. आधार मिळाला तर तो अधिनियमात आहे, नियमात आहे की परिपत्रकात, ते पाहावे. परिपत्रक विभागाचा सचिव बदलू शकतो, नियमाला राजपत्रातील अधिसूचना लागते आणि अधिनियमाला विधिमंडळ लागते, त्यानुसार निवेदन कोणाकडे जावे ते ठरते.

निवेदनात नियमाचा क्रमांक व दिनांक, त्यासाठी लागणारे कागद आणि खर्च, तोच हेतू साधणारी दुसरी तरतूद, आणि नियम गेल्यास कोणाचे नुकसान होऊ शकेल हे लिहावे. हा शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात, आणि अधिकारी नेमका तोच प्रश्न विचारून फाईल बाजूला ठेवतात. नियमांचा मसुदा राजपत्रात हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध होतो, तेव्हाची मुदत चुकवू नये. कल्याणच्या वाचकांनी व्यवसाय परवान्याच्या नमुन्याची जी प्रत पाठवली आहे, तिच्यातील नवव्या रकान्याचा आधार त्यांनी वरील पद्धतीने मागवावा. उत्तर आले की आम्हाला कळवावे, पुढच्या अंकात त्यावर लिहू.